किती मिळाले आणि कितीतले?

अमेरिकेत शनिवारची रात्र संपत आलेली असते तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ असते, आणि यूएफसी या अमेरिकी झुंज-कंपनीच्या मोठ्या लढती नेमक्या त्याच वेळी दिसतात. नव्या मुंबईतल्या घणसोली गावात चहाच्या टपरीवर तीन-चार पोरे एका मोबाइलवर डोकी वाकवून बसलेली असतात. अष्टकोनी पिंजऱ्यात कुणीतरी कुणाला तरी खाली पाडून गळा आवळतो, पंच मध्ये पडतो, लढत संपते. पोरांचा पहिला प्रश्न डावाबद्दल नसतो. ‘याला किती भेटले?’ एक म्हणतो दहा लाख, दुसरा म्हणतो पाच कोटी. एकाच रात्री एकाच पिंजऱ्यात उतरलेल्या दोघांना हे दोन्ही आकडे लागू पडू शकतात.

जत्रेच्या कुस्तीत हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण उत्तर आधीच भोंग्यावरून सांगून झालेले असते. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी गावांतला फड घ्या किंवा सांगली-कोल्हापूरकडचे मैदान घ्या, रस्त्याकडेला लागलेल्या फ्लेक्सवर एक नंबरच्या जोडीचे फोटो असतात. त्यांच्या खाली इनामाचा आकडा, त्याखाली देणाऱ्याचे नाव आणि बहुतेक वेळा ‘यांच्या स्मरणार्थ’. दोन नंबरची जोड, तीन नंबरची जोड असे करत यादी रेवड्यांच्या आणि नारळाच्या कुस्त्यांपर्यंत उतरते. कुणाला किती मिळणार आणि ते कुणाच्या खिशातून येणार, हे लंगोट कसण्याआधीच गावभर झालेले असते.

मिश्र मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे एमएमएच्या, व्यावसायिक लढवय्यांना न्याय्य मोबदला मिळतो का, हा वाद जगात गेली दहा-बारा वर्षे चालू आहे. अमेरिकेत त्यावर मोठा खटला झाला. पण हा वाद घणसोलीत बसून पाहिला तर अधिक नीट दिसतो, असे माझे मत आहे. या गावाच्या मूळ रहिवाशांनी जमिनीच्या मोबदल्याची लढाई लढली आहे. शेजारच्या सिम्प्लेक्स आणि घरोंदा वसाहतींत सातारा, सांगलीकडून आलेली माथाडी कुटुंबे राहतात आणि गावाकडच्या यात्रेच्या मैदानाला इथून वर्गणी पाठवतात. अंगमेहनतीची किंमत कशी ठरते, यावर या दोघांपाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

आधी अमेरिकेचा हिशेब पाहू. यूएफसीची पहिली स्पर्धा 12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हरला झाली आणि विजेत्या रॉयस ग्रेसीला 50,000 डॉलर मिळाले. रात्रीच्या सर्वोत्तम कामगिरीचा बोनस 2023 सालीही 50,000 डॉलरच होता. दरम्यान कंपनी 2001 मध्ये 20 लाख डॉलरना विकली गेली होती आणि 2016 मध्ये तिची किंमत सुमारे 400 कोटी डॉलर झाली होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये पॅरामाउंटशी सात वर्षांच्या प्रक्षेपणाचा करार झाला तो 770 कोटी डॉलरचा. रुपयांत तो साठ हजार कोटींच्या वर जातो.

नवख्याचा करार साधारण ‘बारा आणि बारा’चा असतो: पिंजऱ्यात उतरण्याचे 12,000 डॉलर, जिंकल्यास आणखी 12,000. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो दहा-दहाचा होता. हरणाऱ्याला मिळालेले बारा हजार म्हणजे दहा लाखांच्या वर रुपये, आणि टपरीवरच्या पोरांना तो आकडा चांगलाच वाटतो. पण लढत अमेरिकेत असेल आणि लढवय्या परदेशी असेल, तर सर्वसाधारणपणे 30 टक्के कर आधीच कापला जातो. मॅनेजर आणि जिम यांचे मिळून वीसेक टक्के धरले, तर निम्मी रक्कम उरते. त्यातून दोन महिन्यांची तयारी, आहार, सरावाचे जोडीदार, फिजिओ हे सगळे भागवायचे. वर्षाला अशा दोन लढती, नशीब चांगले असेल तर तीन. गुडघा गेला तर एकही नाही.

पूर्वी चड्डीवर छोट्या-मोठ्या जाहिरातदारांची नावे लावून चार पैसे सुटत. जुलै 2015 पासून कंपनीने रीबॉकचा एकच गणवेश सक्तीचा केला आणि ती वाट बंद झाली. सुरुवातीच्या तक्त्यानुसार नव्या लढवय्याला गणवेशापोटी एका लढतीचे 2,500 डॉलर मिळत. मोठा खेळाडू हे सोसतो, मरतो तो मधला. कॉनर मॅकग्रेगर एप्रिल 2013 मध्ये स्टॉकहोमला पहिली लढत लढला तेव्हा आयर्लंडमध्ये बेकारभत्त्यावर जगत होता आणि त्या रात्री त्याला 60,000 डॉलरचा बोनस लागला. चारच वर्षांनी मेवेदरशी बॉक्सिंग करताना त्याचे जाहीर मानधन 3 कोटी डॉलर होते. त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्या स्टॉकहोमच्या रात्री इतर लढतींत कोण कोण हरले, ते कुणाला आठवत नाही.

फ्रान्सिस एन्गानूचे उदाहरण मला जास्त बोलके वाटते. कॅमेरूनमध्ये लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला हा माणूस यूएफसीचा हेवीवेट विजेता झाला. जानेवारी 2022 च्या विजेतेपदाच्या लढतीत त्याचे जाहीर मानधन 6 लाख डॉलर होते. नव्या करारासाठी त्याच्या मागण्यांत निव्वळ पैसा नव्हता. लढवय्यांना आरोग्यविमा द्या आणि कंपनीच्या बैठकीत त्यांची बाजू मांडणारा माणूस बसू द्या, असे तो म्हणत होता. कंपनीने ते मानले नाही आणि जानेवारी 2023 मध्ये तो बाहेर पडला. पीएफएल या प्रतिस्पर्धी संस्थेशी करार करताना आपल्यासमोर उभ्या राहणाऱ्या प्रतिस्पर्ध्यालाही किमान मोठी रक्कम मिळावी, अशी अट त्याने घालून घेतली. समोरच्याची मजुरीसुद्धा आपल्या करारात लिहून घेणारा पैलवान मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

खटल्याकडे येऊ. डिसेंबर 2014 मध्ये कुंग ली आणि इतर काही लढवय्यांनी यूएफसीच्या मालक कंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला. 2010 च्या डिसेंबरपासून 2017 च्या जूनपर्यंत लढलेले बाराशेच्या आसपास लढवय्ये त्यात आले. कंपनीने प्राइड, स्ट्राइकफोर्स असे प्रतिस्पर्धी विकत घेतले, लढवय्यांना लांबलचक आणि फक्त आपल्याशीच बांधणाऱ्या करारांत अडकवले, आणि दुसरीकडे जायची सोयच न ठेवल्याने मजुरी दाबता आली, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती रिचर्ड बुलवेअर यांनी 33.5 कोटी डॉलरची पहिली तडजोड जुलै 2024 मध्ये अपुरी म्हणून फेटाळली. दुसरी 37.5 कोटींची ठरली आणि 2025 च्या सुरुवातीला मंजूर झाली. पस्तीसएक जणांच्या वाट्याला 10 लाख डॉलरहून अधिक येतील, असे वकिलांनी न्यायालयाला सांगितले.

या रकमेपेक्षा खटल्यातून बाहेर आलेली कागदपत्रे मोलाची आहेत. कंपनीच्या उत्पन्नापैकी लढवय्यांना मिळणारा वाटा 20 टक्क्यांच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी, असे त्यांतून दिसले. अमेरिकेतच बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये हा वाटा निम्म्याच्या घरात आहे, एनएफएल फुटबॉलमध्ये 48 टक्क्यांच्या पुढेमागे. आपल्या क्रिकेट मंडळातही उत्पन्नाच्या 26 टक्के रक्कम खेळाडूंसाठी राखायची पद्धत आहे: 13 टक्के आंतरराष्ट्रीय खेळाडूंना, 10.6 टक्के देशांतर्गत, उरलेले महिला आणि कनिष्ठांना. क्रिकेटच्या सव्वीस टक्क्यांवरही टीका होते, पण तो आकडा निदान सगळ्यांना ठाऊक आहे. यूएफसीचा आकडा कळायला दावा लावावा लागला.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. 2001 साली हा खेळ अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत बंद होता, राजकारणी त्याला माणसांची कोंबड्यांची झुंज म्हणत होते, आणि नव्या मालकांनी पहिली काही वर्षे कोट्यवधी डॉलर बुडवले. 2011 पासून सरावात झालेल्या दुखापतींनाही विम्याचे संरक्षण दिले. मंच उभारला आम्ही, जोखीम घेतली आम्ही, लोक येतात ते आमच्या नावावर, असे ते सांगतात. शिवाय बास्केटबॉलच्या संघात पंधरा खेळाडू असतात आणि इथे करारावर शेकडो, तेव्हा टक्केवारीची तुलना सरळसरळ लावता येत नाही. हे सगळे धरूनही मला हा युक्तिवाद 2005 सालापुरता पटतो. बुडण्याचा धोका संपून वीस वर्षे झाली, तरी मजुरी त्या धोक्याच्या हिशेबाने का द्यायची?

इथे घणसोलीचा अनुभव कामाला येतो. शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 मध्ये स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. भातशेती, मिठागरे, खाडीकाठ सगळे गेले. मोबदला एकरी काही हजारांत होता. सही करायच्या दिवशी तो आकडा काहींना बराही वाटला असेल, कारण तो त्या दिवसाच्या खाचराचा भाव होता. त्याच खाचरावर पुढे काय उभे राहणार आणि त्याचे किती होणार, हे सही घेणाऱ्याला अंदाजाने ठाऊक होते, सही करणाऱ्याला नव्हते. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उठले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई-दास्तान परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या आंदोलनातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले.

भांडण सुरू झाले होते दरावरून आणि सुटले हिश्शावर, हे मला महत्त्वाचे वाटते. दर कितीही वाढवून घेतला तरी तो त्या दिवसापुरता असतो. हिस्सा असला की शहर वाढेल तसा तोही वाढतो. साडेबारा टक्के पुरेसे होते का, भूखंड वेळेवर मिळाले का, यावर गावात आजही रात्रभर वाद घालता येईल. पण मागणीचे स्वरूप बदलले ते कायमचे. यूएफसीचे लढवय्ये बारा-बाराचे वीस-वीस करून मागत होते तोवर कंपनीला काही अडचण नव्हती. त्यांनी टक्केवारी विचारली तेव्हा वकील उभे राहिले.

आता आपल्या मातीकडे वळतो, कारण आपल्याकडे एमएमएचा लढवय्या बहुतेकदा कुस्तीतूनच येतो आणि कुस्तीचा हिशेब त्याच्या रक्तात असतो.

कुस्तीला पूर्वी राजाश्रय होता म्हणतात तेव्हा नेमके काय होते? शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागचे मैदान उभारले, तालमींना मदत केली, मल्लांच्या खुराकाची सोय केली. म्हणजे मजुरी लढतीची नव्हती, तयारीची होती. संस्थाने विलीन झाल्यावर हे काम काही अंशी साखर कारखान्यांनी उचलले. कागलचा शाहू कारखाना, कुंभी-कासारी यांसारख्या कारखान्यांच्या मानधन कुस्ती स्पर्धा कोल्हापूरकडे प्रसिद्ध आहेत. आपापल्या गटात जिंकलेल्या मल्लाला वर्षभर दरमहा मानधन मिळते. रक्कम मोठी नसते, पण पुढच्या महिन्याचे दूध कुठून आणायचे हा घोर मिटतो. फ्लेक्सवरच्या लाखाच्या इनामापेक्षा मला ही पद्धत शहाणपणाची वाटते.

खुराकाचा हिशेब मांडून पाहा. रोज दोन लिटर म्हशीचे दूध, सत्तर रुपयांच्या भावाने महिन्याला 4,200. दिवसाला शंभर ग्रॅम बदाम, महिन्याचे तीन किलो, 2,700. दोन किलो तूप 1,400. आठवड्यातून तीनदा अर्धा किलो मटण, त्याचे साडेचार हजार. बारा-तेरा हजार इथेच झाले. फळे, अंडी, तालमीतली खोली, खानावळ, मालिशचे तेल, स्पर्धेला जायचे भाडे धरले की वीस हजार होतात, वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. यात्रांचा मुख्य हंगाम चैत्र-वैशाखाचा, पावसाळ्यात मैदाने जवळपास बंद. मधल्या फळीतल्या मल्लाने हंगामात दहा-दहा हजारांच्या वीस कुस्त्या मारल्या असे धरले, तरी दोन लाख. वीसच्या वीस कोण मारतो? वरचा खड्डा बाप भरतो, म्हैस विकून नाहीतर सोसायटीचे कर्ज काढून. हरलेल्याला किती द्यायचे, बरोबरीत सुटली तर काय, हे गावागणिक वेगळे. फ्लेक्सवरचा आकडा आणि पाकिटातला आकडा यांत कधी कधी अंतर पडते, अशी कुजबुज तालमीतून ऐकू येते. आणि पैशासाठी आधीच ठरवून खेळलेल्या नुरा कुस्तीचा संशय आला की प्रेक्षक आरोळ्या ठोकतात. पण तीस हजारांसाठी मान धोक्यात घालायची की नाही, हा विचार पैलवान करत असेल तर तोही समजून घ्यावा लागतो. एप्रिल 2018 मध्ये पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवड्याच्या यात्रेत मानेला मार बसून विशीतल्या एका मल्लाचा जीव गेला.

खाशाबा जाधवांची गोष्ट या आढाव्यात अपरिहार्य आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्या लढून पैसे मिळवले आणि प्राचार्यांचे घर सोडवले. ही गोष्ट आपण गुरुशिष्याच्या प्रेमाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. हिशेबाच्या वहीत मात्र ती अशी दिसते: देशासाठी पदक आणण्याचा खर्च मल्लाने आणि त्याच्या शिक्षकाने केला आणि तो जत्रेच्या मातीतून वसूल केला. 1955 मध्ये ते पोलिसात फौजदार झाले.

ही पोलिसातली नोकरी म्हणजेच महाराष्ट्रातल्या पैलवानाची खरी मजुरी. नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे हे सगळे पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. रेल्वे आहे, सैन्य आहे. तालमीत पोराला घालणारा बाप लाखाच्या इनामाकडे पाहत नाही, तो पंचविशीनंतरच्या पगाराकडे पाहतो. व्यवस्था म्हणून यात तथ्य आहे, पण ती वरच्या मूठभरांना पुरते. राज्य स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचलेल्यांना काही ना काही मिळते. बाकीचे गावी परततात, नाहीतर मुंबईला येऊन वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे काम, करतात.

महाराष्ट्र केसरी हा राज्यातला सर्वांत मोठा किताब, 1961 पासूनचा. एप्रिल 2022 मध्ये साताऱ्याला पृथ्वीराज पाटील जिंकला, हातात चांदीची गदा आली आणि रोख बक्षीस काहीच मिळाले नाही, अशी खंत त्याने उघडपणे बोलून दाखवली. मोठा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी, जानेवारी 2023 मध्ये, पुण्यात शिवराज राक्षेला थार गाडी आणि पाच लाख रुपये मिळाले, आणि निवृत्त व नामवंत मल्लांचे मानधन तिपटीहून अधिक वाढवण्याची घोषणा सरकारने त्याच मंचावरून केली. नऊ महिन्यांत शून्यावरून थारवर! या उडीला प्रगती म्हणावे की लहर? कुठलाही नियम बदलला नव्हता, फक्त यजमान बदलला होता. (गाडीच का द्यायची, हेही मला कोडे आहे. पूर्वी म्हैस देत, ती दूध तरी देई.) त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन संघटनांच्या वादात धाराशिव आणि फुलगाव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले. किताबाच्या मालकीवरून भांडणाऱ्यांना मल्लाच्या करारावर बोलायला सवड नव्हती.

मार्च 2023 मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवले. कल्याण घणसोलीपासून फार लांब नाही, आणि या पट्ट्यातली मुलगी राज्याच्या अंतिम फेरीत जाते हे कौतुकाचे. पण जत्रेच्या फ्लेक्सवर मुलींच्या जोड्या अजून थोड्या असतात, त्यामुळे त्यांच्या हंगामी कमाईचा रस्ता आणखी अरुंद आहे.

कुस्तीच्या बाजूने बोलायचे तर मैदानाला सहसा तिकीट नसते, त्यामुळे लपवायला नफाही नसतो. लाभ होतो तो नावाचा. इनाम देणाऱ्याचा फोटो मल्लाच्या फोटोपेक्षा मोठा असतो, आणि पाच वर्षांनी त्या फोटोला मते मागायची असतात. अमेरिकेत पैसे मोजून लपवतात. आपल्याकडे पैसे उघड असतात पण मिळालेला फायदा मोजतच नाहीत. पैलवानाच्या घामातून उभ्या राहिलेल्या या प्रतिष्ठेचा वाटा त्याला कसा द्यायचा, याचे उत्तर अजून कुणी शोधलेले नाही.

भारतातल्या एमएमएवर फार लिहिण्याजोगे नाही. राज कुंद्रा आणि संजय दत्त यांची सुपर फाइट लीग मार्च 2012 मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात धूमधडाक्यात सुरू झाली. पुढे टायगर श्रॉफच्या कुटुंबाची मॅट्रिक्स फाइट नाइट 2019 मध्ये आली. महाराष्ट्राचा भरत खंडारे कुस्तीतून या खेळात आला, सुपर फाइट लीगमध्ये लढला आणि 25 नोव्हेंबर 2017 रोजी शांघायला यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरणारा भारतात घडलेला पहिला लढवय्या ठरला. सोंग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत गळा आवळून हरवले. तिथली त्याची तेवढीच लढत. जून 2024 मध्ये पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय ठरली. यांच्यामागे देशात शेकडो पोरे छोट्या स्पर्धांत लढतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे घर चालते ते सकाळ-संध्याकाळ जिममध्ये शिकवण्यावर. नव्या मुंबईच्या सेक्टरांतही तळमजल्याच्या गाळ्यांत अशी जिम दिसतात. तिथला प्रशिक्षक हाच तो व्यावसायिक लढवय्या.

कबड्डीने मात्र वेगळे काही करून दाखवले. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला 2019 च्या लिलावात 1 कोटी 45 लाखांची बोली लागली. दोन-तीन मोठी नावे सोडून बाकीच्यांचे काय, हा प्रश्न तिथेही आहे. पण प्रत्येक संघाने किती खर्च करायचा हा आकडा जाहीर असतो, बोली टीव्हीवर लागते आणि गावातल्या पोरालाही कळते की आपल्यासारख्याचा भाव काय चालला आहे. झी टॉकीजने 2018 मध्ये कुस्तीची अशी लीग काढून पाहिली, ती टिकली नाही. दोघांची झुंज असलेल्या खेळात संघ उभा करणे अवघड, आणि संघ नसेल तर खेळाडूंची एकजूटही अवघड. उद्या समोर उभ्या राहणाऱ्याशी आज युनियन कशी करायची?

यावर घणसोलीतल्या माथाडी वसाहतीकडे एक तयार उत्तर आहे आणि ते पन्नास वर्षे चाललेले आहे. माथाडी कामगाराला एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर, पाठीवरच्या पोत्यागणिक मजुरी. अमेरिकेतल्या लढवय्यांनाही कंपनी नोकर मानत नाही, स्वतंत्र कंत्राटदार मानते, आणि म्हणून भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन काहीच लागू होत नाही. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा आला तो नेमक्या या अडचणीवर. सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ नेमले. मजुरी आणि वर ठरावीक लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार द्यायचे. काम कुणाकडेही केले तरी खाते एकच. मंडळांच्या कारभारात दोष आहेत, बोगस नोंदींच्या तक्रारी होतात, हे वसाहतीतल्या कुणालाही विचारले तर तो सांगेल. तरीही पोती उचलणाऱ्या माणसाला म्हातारपणी काही हाती लागते, आणि चीतपट करणाऱ्यांतल्या बहुतेकांना लागत नाही. मैदान भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाने, लीगने, वाहिनीने इनामावर ठरावीक लेव्ही भरावी आणि ती नोंदणीकृत मल्लांच्या विम्यात व निधीत जावी, एवढी तरतूद करायला नवी अक्कल लागत नाही. दहीहंडीच्या गोविंदांसाठी विम्याची योजना सरकारने केलीच आहे.

हिशेब उघडा ठेवण्याचीही सोय जगात झालेली आहे. अमेरिकेत 2000 साली मुहम्मद अलीच्या नावाने बॉक्सिंग सुधारणा कायदा झाला. एखाद्या लढतीतून आपल्याला किती मिळणार आहे, हे प्रवर्तकाने बॉक्सरला सांगितलेच पाहिजे, असे त्यात आहे. एमएमएला तो लागू नाही. 2016 मध्ये मार्कवेन मलिन या माजी लढवय्या खासदाराने तो लागू करण्याचे विधेयक मांडले, ते पुढे सरकले नाही. उलट 2025 मध्ये बॉक्सिंगचाच कायदा बदलण्याचे विधेयक आले आणि त्याला यूएफसीच्या मालक कंपनीचा पाठिंबा आहे.

यूएफसीविरुद्ध 2017 च्या जुलैपासून लढलेल्यांचा दुसरा दावा न्यायालयात आहे. पण यांतल्या अनेकांच्या करारात वाद लवादापुढेच नेण्याचे आणि सामुदायिक दावा न लावण्याचे कलम आहे, म्हणून त्यांच्यासाठी 2025 मध्ये वेगळा दावा लावावा लागला. पहिल्या लढतीच्या आनंदात बारा-बाराच्या करारावर सही करताना ते कलम किती जणांनी वाचले असेल? साडेबारा टक्क्यांचे भूखंड हाती पडण्याआधीच बिल्डरला लिहून दिलेली कुटुंबे नव्या मुंबईच्या गावोगाव आहेत. त्यांच्यातला एखादा बुजुर्ग टपरीवरच्या त्या पोरांना कराराचा कागद कसा वाचायचा ते वकिलाइतके नीट सांगू शकेल.